साक्षीदाराची वेठ आणि ‘जनमैत्री’चे सोहळे

सीबीडी बेलापूर ही नवी मुंबईची राजधानीच म्हटली पाहिजे. सिडको भवन, कोकण भवन, महापालिकेचे मुख्यालय आणि पोलीस आयुक्तालय अशी सत्तेची सारी ठाणी या एका टेकडीच्या पायथ्याशी एकवटली आहेत. दिवाळे, शहाबाज, बेलापूर ही गावे मात्र या इमारतींच्या सावलीत दाटीवाटीने उभी आहेत. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. त्या जमिनीचा न्याय्य मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात गोळीबार झाला व पाच जणांनी प्राण गमावले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व पुढे आले. या भूमीतील कष्टकऱ्यांचा पोलिसांशी झालेला मोठा परिचय हा असा बंदुकीच्या नळीतून झालेला आहे. नवी मुंबईचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय त्यानंतर दहा वर्षांनी, १९९४ साली अस्तित्वात आले.

या पार्श्वभूमीवर गेली काही वर्षे राज्यभर पोलीस व जनता यांच्या ‘मैत्री’चा जो गजर चालला आहे, तो तपासून पाहणे अगत्याचे ठरते. शांतता समित्यांच्या बैठका, मोहल्ला समित्या, पोलीस मित्र, ज्येष्ठ नागरिकांचे मेळावे, सणासुदीपूर्वी होणारे चहापान, त्यांची छायाचित्रे, शाली आणि नारळ! या सगळ्यास कोणी वाईट म्हणणार नाही. प्रश्न एवढाच आहे की, या सोहळ्यांमुळे तुर्भ्याच्या झोपडपट्टीतील मोलकरणीची तक्रार पूर्वीपेक्षा लवकर नोंदली जाते काय? माथाडी कामगार साक्ष देण्यास पूर्वीपेक्षा कमी भितो काय? चुकीच्या माणसाला तुरुंगात टाकण्याचे प्रमाण घटते काय? या प्रश्नांचे उत्तर आकड्यांनी दिले जात नाही. किंबहुना ते प्रश्नच विचारले जात नाहीत. रस्त्याच्या डांबराची जाडी मोजली जाते, धरणातील पाण्याची पातळी मोजली जाते. पोलीस आणि जनता यांच्या नात्याचे मोजमाप मात्र बैठकांच्या संख्येवर भागते.

बैठकांनी काय साधते?

अशा समित्यांनी काहीच साधत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रातच याचे एक ठळक उदाहरण आहे. भिवंडीने १९७० आणि १९८४ या दोन्ही वर्षी भीषण दंगली पाहिल्या. १९७० च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली आणि तपासातील पक्षपातावर कठोर ताशेरे ओढले. पुढे १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे वस्तीवस्तीतून मोहल्ला समित्या उभारल्या. पुढाऱ्यांना खुर्च्या देण्यापेक्षा साध्या माणसांना एकत्र बसविणे आणि खालच्या श्रेणीतील पोलिसाला त्या वस्तीची जबाबदारी देणे, हे त्या प्रयोगाचे मर्म होते. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. या एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे खरे. यंत्रमागाच्या धंद्यात मालक, विणकर, कांडीवाला आणि हमाल यांच्यात धर्मापलीकडचे परस्परावलंबन होते, त्याचाही वाटा असणारच. तथापि त्या प्रयोगाकडे सरकारने ज्या गांभीर्याने पाहावयास हवे होते, तसे पाहिले नाही. प्रयोगाचे सत्त्व बाजूला पडले आणि समितीचे नाव तेवढे राज्यभर पसरले.

नावापुरती उरलेली समिती काय करू शकते, याचा पडताळा आता जगाने घेतला आहे. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा या सहा देशांत सामुदायिक पोलीसगिरीचे पद्धतशीर प्रयोग झाले. काही वस्त्यांत ही पद्धत राबविली, काहींत राबविली नाही, आणि दोहोंची तुलना केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, लोकांचा विश्वास वाढला नाही आणि गुन्हेही घटले नाहीत. संशोधकांनी दिलेली कारणे महाराष्ट्रातील कोणत्याही कार्यकर्त्याला ओळखीची वाटतील. वरिष्ठांचे मन त्यात नव्हते, पुढाकार घेणाऱ्या अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या, आणि लोकांनी बैठकीत मांडलेल्या तक्रारींवर पुढे कारवाई करण्यास माणसे व साधने नव्हती. लोकांना बोलावून त्यांचे ऐकायचे आणि मग काहीच करावयाचे नाही, यातून विश्वास निर्माण होईल तरी कसा?

राजस्थानात २००५ ते २००८ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर द्युफ्लो, त्यांचे सहकारी आणि पोलीस अधिकारी नीना सिंह यांनी ११ जिल्ह्यांतील १६२ पोलीस ठाण्यांत केलेला प्रयोग तर अधिकच बोलका आहे. तेथे ठाण्यात नागरिक-निरीक्षक बसविणे, पोलिसांना साप्ताहिक सुट्टी देणे, कामाची पाळीपाळीने वाटणी करणे, मुदतपूर्व बदल्या थांबविणे आणि प्रशिक्षण देणे असे उपाय योजले गेले. पैकी पहिले तीन उपाय ठाण्याच्या पातळीवर नीट राबविलेच गेले नाहीत व त्यांचा परिणामही दिसला नाही. बदल्या थांबविणे आणि तपासाचे व वर्तनाचे प्रशिक्षण देणे यांचा मात्र उपयोग झाला. गुन्ह्याची झळ लागलेल्या लोकांचे समाधान वाढले. आणखी एक गोष्ट घडली. संशोधकांनी पाठविलेली माणसे फिर्यादी बनून ठाण्यात जात आणि तक्रार घेतली जाते की नाही ते पाहात. अशी माणसे येऊ शकतात, हे कळताच तक्रार नोंदवून घेण्याचे प्रमाण सुधारले. मध्य प्रदेशातील १८० पोलीस ठाण्यांत झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच सूत्र आढळते. जेथे स्त्रियांसाठी मदत कक्ष उभारून पोलिसांना प्रशिक्षण दिले गेले, तेथे स्त्रियांच्या तक्रारी अधिक नोंदल्या गेल्या. आणि कक्षाची सूत्रे महिला पोलिसाकडे असली की फरक विशेष जाणवला.

या सर्वांचा अर्थ उघड आहे. समारंभ निष्फळ ठरतात. ठाण्याच्या आतली कामाची पद्धत बदलली आणि तिच्यावर बाहेरून नजर राहिली, तर फळ मिळते. महाराष्ट्रात मात्र उलटा प्रवास चालतो. २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचा हेतू चांगला होता. परंतु ज्या व्यवस्थेत तंटे कमी दाखविण्यास बक्षीस असते, त्या व्यवस्थेत दुबळ्याची तक्रार गावकीच्या दडपणाखाली मिटविण्याचा मोह अटळ असतो. नोंद कमी झाली म्हणजे अन्याय कमी झाला, असे समजणे हा केवळ हिशेबाचा घोटाळा नव्हे. तो वर्गीय आणि जातीय अन्यायाला घातलेला पांघरुणाचा प्रकार आहे.

साक्षीदार नावाचा फुकटचा कच्चा माल

पोलीस आणि सामान्य माणूस यांची खरी गाठ बैठकीत पडत नाही. ती पडते जबाबाच्या टेबलापाशी. कष्टकरी माणूस आरोपी म्हणून ठाण्यात जातो, त्याहून कितीतरी अधिक वेळा तो साक्षीदार, पंच किंवा फिर्यादी म्हणून जातो. म्हणून लोकाभिमुख पोलीसगिरीची कसोटी साक्षीदाराला मिळणारी वागणूक हीच असली पाहिजे.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार साक्षीदारास बोलवायचे तर लेखी आदेश हवा. स्त्रिया, १५ वर्षांखालील मुले, ६० वर्षांवरील पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी यांना त्यांच्या निवासस्थानाखेरीज अन्यत्र येण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदाराला स्वतःच्या घराखेरीज अन्यत्र यावे लागले, तर त्याचा वाजवी खर्च पोलिसांनी द्यावा, असे नियम राज्य शासनाला करता येतात. कलम १८२ अन्वये आमिष वा धमकी दाखविण्यास मनाई आहे. यातील बहुतेक तरतुदी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होत्या. मग व्यवहारात काय होते? लेखी आदेशाऐवजी फोन येतो: ‘साहेबांनी बोलावलंय, ठाण्यात या.’ किती वाजता, कशासाठी, किती वेळ, याचा पत्ता नाही. साहेब बंदोबस्ताला गेलेले असतात. साक्षीदार बाकावर बसून राहतो आणि संध्याकाळी ‘उद्या या’ असे ऐकून परततो.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. तो अर्थशास्त्राचा आहे. नाक्यावर उभा राहून दिवसाला सातशे रुपये मिळविणारा कामगार जबाबासाठी दोन, ओळख परेडीसाठी एक आणि न्यायालयात तीन असे सहा हेलपाटे घालतो, असे धरले तरी बेचाळीसशे रुपयांची मजुरी बुडते. मोलकरणीचे तर कामच सुटते. हा खर्च शासनाच्या कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो गरिबाच्या चुलीतून वसूल होतो. पगारी नोकरदाराला रजा मिळते, व्यापाऱ्याच्या दुकानात मुलगा बसतो. रोजंदारीवाल्याला न्यायसंस्थेची सेवा ही निखळ वेठ ठरते. इंग्रजी अमदानीत साहेबाचे सामान वाहण्यासाठी गावातून माणसे धरून नेत; आज न्यायाचे ओझे वाहण्यासाठी साक्षीदार धरून नेला जातो. मग तो पुढच्या वेळी ‘मी काही पाहिले नाही’ म्हणतो, तेव्हा त्याला बेजबाबदार नागरिक म्हणण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो? तो फितूर होतो, तेव्हा त्याला कोणी फोडले याची चर्चा होते. त्याआधीच व्यवस्थेने त्याला किती पिळले, याची होत नाही.

फितुरीमागे भीतीही असते. ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता देऊन ती देशभर लागू केली. महाराष्ट्राने त्याआधीच, २०१७ साली, या विषयावर कायदा केला होता. तरीही ज्या गाळेमालकाविरुद्ध बोलायचे त्याच्याच खोलीत भाड्याने राहणाऱ्या आणि ज्या मुकादमाविरुद्ध सांगायचे त्याच्याच हाताखाली राबणाऱ्या साक्षीदाराला या कायद्याची बातमी पोहोचविण्याचे काम कोणाचे आहे? शांतता समितीच्या किती बैठकांत हा विषय निघतो?

जबाब कोणाचा?

वेठीचा दुसरा भाग भाषेचा आहे. दिवाळ्याची कोळीण आपल्या बोलीत बोलते, दगडखाणीवर आयुष्य काढलेला वडार आपल्या बोलीत, उत्तर प्रदेशातून आलेला हमाल त्याच्या. कागदावर मात्र सारे एकाच भाषेत बोलू लागतात: ‘समक्ष पोलीस ठाणेस हजर राहून विचारले वरून जबाब देतो की...’ आणि शेवटी, ‘माझा वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.’ हा जबाब साक्षीदाराचा कमी आणि रायटर हवालदाराचा अधिक असतो. प्रश्न काय विचारला होता, हे त्यात कोठेही नसते. केवळ उत्तर असते. संहितेच्या कलम १८१ अन्वये अशा जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. ही तरतूद पोलिसांच्या दडपणापासून संरक्षण म्हणून आहे व ती रास्तच आहे. परंतु तिचा परिणाम असा की, न्यायालयात ‘मी असे बोललोच नाही’ असे साक्षीदार म्हणाला, तर खरे कोण हे ठरविण्यास साधनच उरत नाही.

प्रश्न नोंदला न जाणे ही किरकोळ उणीव नव्हे. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची चित्रफीत दाखविली. काहींना विचारले, मोटारी एकमेकींवर ‘आपटल्या’ तेव्हा वेग किती होता; काहींना विचारले, ‘आदळून चुराडा झाला’ तेव्हा वेग किती होता. आठवड्यानंतर त्यांना फुटलेली काच पाहिली का, असे विचारण्यात आले. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. तरी ‘चुराडा’ हा शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना ती आठवली. ‘आपटल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना. एका क्रियापदाने स्मृती बदलते! त्या विद्यार्थ्यांना कोणी दरडावले नव्हते, रात्रभर बसवून ठेवले नव्हते. मग ‘तोच होता ना रे? नीट आठव!’ असे खाकी वर्दीतला माणूस विचारतो, तेव्हा काय होत असेल?

या ज्ञानावर इतर देशांनी पद्धती उभारल्या. रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गायजलमन यांनी १९८० च्या दशकात साक्षीदारास विचारण्याची नवी रीत घालून दिली. साक्षीदाराला आधी स्वस्थ करायचे, घटनास्थळ मनात उभे करू द्यायचे, त्याला न अडविता आपल्या शब्दांत सारे सांगू द्यायचे आणि सूचक प्रश्न टाळायचे, अशी ती रीत. इंग्लंडमध्ये निरपराधांना शिक्षा झाल्याची प्रकरणे उघडकीस आल्यावर १९९० च्या दशकाच्या प्रारंभी पोलिसांच्या विचारपूस पद्धतीची फेररचना झाली; कबुली उकळण्याऐवजी माहिती गोळा करणे हे उद्दिष्ट ठरले. २०२१ साली हुआन मेंडेझ यांच्या नावाने ओळखली जाणारी आंतरराष्ट्रीय तत्त्वे प्रसिद्ध झाली, त्यांचाही आशय हाच. त्यांचे सांगणे असे की, छळ हा नीतीला धरून नाहीच, शिवाय तो तपासालाही मारक आहे.

ज्यांना हे पाश्चात्त्य चोचले वाटतात, त्यांनी मुंबईकडे पाहावे. ११ जुलै २००६ रोजी उपनगरी गाड्यांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक श्रमिक प्रवासी मारले गेले. २०१५ साली विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरविले. टॅक्सीचालकांनी शंभराहून अधिक दिवसांनी केलेली ओळख, अधिकार नसलेल्या व्यक्तीने घेतलेली ओळख परेड आणि परस्परांशी मिळतेजुळते कबुलीजबाब यांवर न्यायालयाने विश्वास ठेवण्यास नकार दिला. शासनाच्या अपिलावर २४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा पूर्वोदाहरण म्हणून उपयोग करण्यास स्थगिती दिली. मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठविले नाही. ज्यांची माणसे त्या डब्यांत मेली, त्यांना १९ वर्षांनंतरही गुन्हेगार कोण हे ठाऊक नाही. आणि तुरुंगात गेलेली वर्षे कोणी परत देणार नाही. साक्षीदाराला नीट न विचारण्याची किंमत ही अशी दोन्ही बाजूंनी मोजावी लागते.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप पोलिसांचा: वेळ कोठे आहे? बंदोबस्त, मंत्र्यांचे दौरे, सण, मोर्चे यांतून तपासाला माणूस उरत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी तो सहानुभूतीने ऐकला पाहिजे. पोलीस शिपाई हाही श्रमिक आहे. त्याला संघटनेचा हक्क नाही आणि कामाच्या तासांची मर्यादा कागदावर राहते. पण याचा निष्कर्ष तपास व बंदोबस्त वेगळे करा असा निघतो. प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच आदेश दिला होता. वाईट जबाब घेत राहा, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप मध्यमवर्गाचा: गुन्हेगारांना धाक हवा, कॅमेरे हवेत, बाकी सारे पुस्तकी आहे. कॅमेऱ्याला विरोध नाही. मात्र तो कोणाकडे वळवायचा, हा प्रश्न आहे. नव्या संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रण सक्तीचे केले. साक्षीदाराचा जबाब मात्र कलम १८० अन्वये चित्रित ‘करता येईल’ एवढेच म्हटले आहे. वस्तूची नोंद सक्तीची आणि माणसाच्या शब्दाची ऐच्छिक! चौकाचौकांत नागरिकांवर डोळा ठेवणाऱ्या शासनाला जबाबाच्या टेबलावर एक ध्वनिमुद्रक ठेवणे जड जाते, यावरूनच काय ते समजावे.

तिसरा आक्षेप घरचाच आहे. शासनसंस्था वर्गीय असते, पोलीस हे तिचे दंडुके. त्यांच्यात सुधारणा करणे म्हणजे दंडुक्याला रंग लावणे, असे काही मित्र मानतात. जासईची आठवण असणाऱ्याला हा युक्तिवाद सहज पटतो. परंतु त्यातून श्रमिकाच्या हाती काय पडते? दलित वस्तीवरील हल्ल्याचा खटला साक्षीदार फुटल्याने कोसळतो, तेव्हा लाभ प्रस्थापितांचाच होतो. मुंबईच्या १९९२–९३ च्या दंगलींबाबत श्रीकृष्ण आयोगाने हेच दाखविले. असंख्य गुन्हे ‘अ’ समरीखाली, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही असे म्हणून, मिटविले गेले. कामाचे आठ तास, किमान वेतन, माथाडी कायदा हेही याच शासनसंस्थेकडून हिसकावून घेतलेले आहेत. साक्षीदाराचा हक्क त्याच मालिकेतला आहे. आणि शांतता समितीत पक्षाला दोन खुर्च्या मिळाल्या की कर्तव्य संपले, असे मानणारे दुसऱ्या टोकाचे मित्रही तितकेच चुकतात.

मागण्या आणि कामे

याच आयुक्तालयाच्या हद्दीत घडलेले एक प्रकरण कोणी विसरू नये. एप्रिल २०१६ मध्ये एक महिला सहायक पोलीस निरीक्षक बेपत्ता झाली. अपहरणाचा गुन्हा नोंदला गेला तो जानेवारी २०१७ मध्ये. तिच्या नातलगांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. मुख्य आरोपी, जो स्वतः वरिष्ठ पोलीस निरीक्षक होता, डिसेंबर २०१७ मध्ये पकडला गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. मधल्या काळात त्याला राष्ट्रपती पदकही जाहीर झाले होते. खुद्द पोलीस खात्यातील स्त्रीच्या आप्तांची ही गत, तर दिघ्याच्या झोपडीतून बेपत्ता झालेल्या मुलीच्या आईला कोण विचारतो?

म्हणून मागण्या मोघम नकोत. प्रत्येक साक्षीदाराला लेखी बोलावणे आणि त्यावर वेळ. बुडालेल्या मजुरीचा भत्ता त्याच दिवशी. गंभीर गुन्ह्यांत प्रत्येक जबाबाचे, विचारलेल्या प्रश्नांसह, ध्वनिमुद्रण. ओळख परेड तपासाशी संबंध नसलेल्या आणि संशयित कोण हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीकडून. तपास अधिकाऱ्यांना विचारपुशीचे सक्तीचे प्रशिक्षण. मुदतपूर्व बदल्यांना पायबंद. आणि दर सहा महिन्यांनी प्रत्येक ठाण्यातील तक्रारदार व साक्षीदारांची बाहेरच्या संस्थेमार्फत पाहणी करून तिचे आकडे जाहीर करणे. फिर्यादीला ९० दिवसांत तपासाची प्रगती कळविणे कलम १९३ ने बंधनकारक केले आहे. ते किती प्रकरणांत झाले, हा आकडा शांतता समितीच्या प्रत्येक बैठकीत मागितला पाहिजे.

कार्यकर्त्यांसाठी यात मोर्चाइतके झगमगते काही नाही, पण काम भरपूर आहे. साक्षीदाराला एकट्याने ठाण्यात जाऊ देऊ नये. किती वाजता बोलावले, किती वाजता सोडले, किती मजुरी बुडाली, याची साधी वही प्रत्येक शाखेने ठेवावी. वर्षभरात जमलेल्या अशा पन्नास वह्या बेलापूरच्या आयुक्तालयाच्या टेबलावर ठेवल्या, तर त्यांना शाल व नारळाने उत्तर देता येणार नाही. जासईच्या शेतकऱ्यांनी जमिनीचा हिशेब मागितला होता. आता साक्षीदाराच्या दिवसांचा हिशेब मागण्याची वेळ आली आहे.